विणकरणीची बोटं

पडद्यावर नटांऐवजी हातानं काढलेल्या चित्रांचे छोटे चित्रपट दिसू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. असे चित्रपट बनवणाऱ्या एका कारखान्यात एक विधवा बाई कामाला होती. तिथले मुख्य चित्रकार, मास्तर, कागदावर पेन्सिलीनं चित्र काढायचे. त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव ठेवून ती शाईनं रेघ गिरवायची. आठ मिनिटांच्या चित्रपटाला हजारो ताव लागत. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला रेघबाई म्हणत. बारा वर्षांत बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली, रेघ मात्र सरळच राहिली.

त्या वर्षी मास्तरांनी एक पुराणकथा घेतली. एक विणकरीण देवीशी विणकामाची पैज लावते आणि देवी चिडून तिला जाळं विणणारा कोळी करून टाकते. विणकरणीचा चेहरा रेघबाईनं जीव ओतून गिरवला. मग शापाची चित्रं आली. बोटं आखडत, गाठाळत कोळ्याचे पाय होत होती. करंगळी बाहेर वळलेली, अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ. तिचा टाक थांबला.

कागद घेऊन ती मास्तरांकडे गेली. "ही बोटं माझी आहेत."

"मग कुणाची असणार?" मास्तरांनी मानही वर केली नाही. "चार महिने तुमच्या मागं बसून काढलीत. असलं काही मनानं सुचत नाही हो, बाई."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हात लपवले असते तुम्ही."

ती जागेवर येऊन बसली. दुसऱ्या कुणी रेघ बिघडवलेली तिला बघवली नसती. सगळे ताव तिनंच गिरवले.

पहिल्या खेळाला ती लेकीला घेऊन गेली. बोटं वळायला लागली तशी लोकांची हसून मुरकुंडी वळली. लेकही हसली. मग तिनं आईच्या बोटांकडे बघितलं आणि आईच्या हातातला हात हळूच काढून घेतला.

"तुला माहीत होतं?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"मीच गिरवलंय."

लेक घरापर्यंत चार पावलं पुढंच चालली.

चित्रपट गाजला, मास्तरांचा सत्कार झाला. वर्षभरात रेघबाईला टाक धरवेना. मास्तरांनी तिला मोरीपाशी बसवलं. जुने ताव धुऊन पुन्हा वापरत. सोड्याच्या पाण्यानं हाताची सालं निघायची. पहिल्याच दिवशी तिच्यापुढं शापाचे ताव आले. फडकं फिरवलं की शाई निघून जाई. दुपारपर्यंत तिनं सगळे पुसून वाळत घातले.

जाता जाता मास्तरांनी एक ताव उजेडात धरला. "कोपऱ्यात जरा राहिलंय, बाई."

तिनं तो पुन्हा पाण्यात घातला.