रिकीब की रकाबी

ऐंशीनंतरची गोष्ट. मी झाडीपट्टीतल्या वडशाच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. दिवाळी उरकली की तिथे नाटकांच्या तालमींना जोर चढे. एका मंडळीच्या दिग्दर्शकांनी मला भाषा तपासायला बोलावलं. नाटक ऐतिहासिक होतं. सरदाराचं काम करणारा नट राइस मिलमध्ये पोती उचलायचा. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. एकच वाक्य त्याच्या तोंडी बसेना: "रिकिबीत पाय ठेवला, आता माघार नाही."

तो म्हणायचा, "रकाबीत पाय ठेवला."

"अहो, रकाबी म्हणजे बशी," मी सांगितलं. "रिकीब म्हणजे घोड्यावर चढताना पाय अडकवायची लोखंडी कडी."

"बरं सर," तो म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बशीत पाय.

चौथ्या दिवशी मी शाळेतला जाडजूड शब्दकोश काखेत मारून तालमीला गेलो. मूळ शब्द अरबी, रिकाब. स्वार होण्याच्या अर्थावरून आलेला. फारसीतून आपल्याकडे आला आणि रिकीब झाला, असं सगळं समजावलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मुळात रिकाब होता, तं तुमी रिकीब काऊन म्हणून राह्यले?"

"मराठीत तसं झालं म्हणून."

"मंग झाडीत रकाबी झालं असंल."

बाकीचे नट हसले. मला घाम फुटला.

मी हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला स्टेशनवर घेऊन गेलो. तिथे एक म्हातारे टांगेवाले चाचा उभे असत. टांग्याच्या घोड्याला रिकीब नसते, हे माझ्या डोक्यात तिथे पोचल्यावर आलं. तरी मी विचारलं, "चाचा, स्वार पाय ठेवतो त्या कडीला काय म्हणता?"

"रकाब," चाचा म्हणाले. "हमारे घर में तो रकाबच बोलते, गुरुजी."

 परतताना नट माझ्या दोन पावलं पुढे चालत होता.

तालमीत पोचलो तेव्हा दिग्दर्शक वैतागून बसले होते. "सर, तुमच्या त्या कडीपायी दोन प्रवेश राहून गेले," म्हणाले आणि माझ्यादेखत वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर पेन्सिलीनं काट मारली. राहिलं ते "आता माघार नाही." नटानं ते एका दमात म्हटलं, आणि फार सुरेख म्हटलं. त्यामुळे तर मी जास्तच चिडलो. चार-पाच दिवसांची डोकेफोड पाण्यात गेली होती.

नंतर एकदा, मधल्या सुट्टीत, तो मिलच्या कपड्यांनिशी शाळेच्या दारात आला.

"सर, एक विचाराचं होतं. खोगीर हा शब्द कुठला?"

"तुमच्या नाटकात आता घोडाच नाही," मी म्हणालो. "खोगीर घेऊन काय करता?"

"नाई, सहज." तो वळला. "येतो सर," म्हणून गेला.

शब्दकोश माझ्या टेबलावरच होता. तो गेल्यावर मी पान उघडलं. हाही शब्द फारसी; मुळात अर्थ, घाम टिपून घेणारं. मी दारापर्यंत आलो, पण तोवर तो सायकलवरून फाटकाबाहेर पडला होता.