ज्वारीच्या पेटीतला डग्गा

सोलापूरच्या साखर पेठेत विरुपाक्षाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गावाचे रेडिओ बोलते करायचा, पण घरी रेडिओ लावायची सोय नव्हती. बायको शरणम्मा आपले कान मिलच्या खडखडाटात घालवून बसलेली. तिला ढग गडगडलेले तेवढे कळायचे. जाड आवाज पोचतो, हे विरुपाक्षानं हेरून ठेवलं होतं.

शहात्तर साली निरोप आला, तिचा धाकटा भाऊ गुरुसिद्धप्पा धारवाड केंद्रावर भजनाला तबल्याची साथ करणार. आईमागं त्याला हिनंच वाढवलेला. "तुमी ऐका आन् मला सांगा," एवढंच ती म्हणाली. विरुपाक्ष ताटावरून उठला आणि दुकानाकडं निघाला.

दुकानात कुणीतरी कुवेतहून आणलेला जुना स्टिरिओ रिसीव्हर धूळ खात पडला होता. एक बाजू मेलेली, म्हणून मालक फिरकलाच नाही. विरुपाक्षाला तरी एकच बाजू हवी होती. थेटरातून मोडीत निघालेला जंगी स्पीकर त्यानं पैदा केला. रेडिओचा आवाज रिसीव्हरला, रिसीव्हरनं मोठा केलेला स्पीकरला. बारीक आवाजाचं बटण पार खाली, जाड आवाजाचं पार वर. राहता राहिलं स्पीकर बसवायला खोकं. आणि इथं या शहाण्यानं काय करावं? बायकोच्या माहेरची ज्वारीची सागवानी पेटी रिकामी करून तिला परातीएवढं भोक पाडलं!

शरणम्मानं बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. आईची तेवढीच वस्तू उरली होती, तिच्यावरच तर धाकटा गुरू ठेका बडवायला शिकला होता. मग तिनं बोलणंच टाकलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती मुद्दाम त्याच पेटीवर नवऱ्याकडं पाठ करून ज्वारी निवडत बसली. भजन सुरू झालं. नुसती घुमघुम, शब्द एक कळेना. पेटीही गेली आणि बायकोही, असं विरुपाक्षाला वाटलं. जीव अगदी कानकोंडा झाला त्याचा.

तेवढ्यात सुपातले दाणे थरथरायला लागले. शरणम्माचा हात थांबला. तिनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे झाकणावर टेकले. हळूहळू बोटं डग्ग्याबरोबर चालू लागली. भजन संपता संपता ती हसली, डोळे पुसले, आणि कान गेलेली माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "आजून शेवटाला घाई करतंय की येडं."

विरुपाक्षाचे कान शाबूत होते, पण त्याला काही घाई ऐकू आली नव्हती.