आत्याबाईंचं बिनसाखरेचं कस्टर्ड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने मापात अंगठा बुडवला तर मला दिसतो, आणि नाही बुडवला तरी दिसतो. लग्न होऊन उंद्रीला आले तेव्हा वाटलं, सासरी आपल्यासारखं कुणी नसेल. पण सासू माझ्यावर कडी करणारी निघाली. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी घरात आले तेव्हाच त्यांना माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची. घरात त्या भिंतीला हात लावत चालायच्या आणि मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखत. चिखलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लघवीतली साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, आणि फार उशीर केला तर मग हात लावून उपयोग नाही. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, भाकरी अर्धी. आत्याबाई सगळं सोडायला तयार होत्या, फक्त जेवणानंतरचा गोड घास सोडवेना. तो नाही मिळाला की त्या ताटावरून उठायच्याच नाहीत, तशाच बसून राहायच्या.

माझं माहेर बुलढाण्याचं. तिथे शेजारच्या साहेबांच्या बाईंनी एकदा मला कॅरमल कस्टर्ड खाऊ घातलं होतं. मऊ, थरथरतं, वरून जळक्या साखरेचा तपकिरी रस. ते मला आठवलं. पण त्यात साखर, आणि आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे अंडंही नाही. मग राहिलं काय?

राहिलं दही. रात्रभर फडक्यात बांधून टांगलं, सकाळी त्याच्या चक्क्यात घट्ट साय फेटली आणि पितळी डब्यात घालून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर वाफवलं. पहिल्यांदा फाटलं. दुसऱ्यांदा आच मंद ठेवली, तेव्हा छान जमलं. जळक्या साखरेच्या जागी मी बेरी घातली. तूप कढवल्यावर तळाशी जी तपकिरी बेरी उरते, ती जरा जास्त खरपूस करून पाट्यावर गुळगुळीत वाटली आणि कोमट पाण्यात सॅकरिनच्या गोळ्या विरघळवून त्यात सैल केली. वास हुबेहूब कॅरमलचा. गोळी एक जरी जास्त झाली तरी जिभेवर कडू चव रेंगाळायची, म्हणून हात आखडून.

आत्याबाईंनी वाटी हुंगली.

"काय घातलं वं याच्यात?"

"दही, साय अन बेरी."

"मंग गोड काऊन लागते?"

"गोळी हाय आत्याबाई. डॉक्टरनं लिहून देल्ली ते."

"गोळीनं गोड होते? आधी तू खाय."

मी खाल्लं. मी गिळेपर्यंत त्यांनी कान टवकारून ठेवले. मग म्हणाल्या, देवाला दाखवून खाते. देवाला दाखवल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. वाटी घेऊन देवघरात गेल्या, दार लोटलं, आणि थोड्या वेळाने रिकामी वाटी घेऊन बाहेर आल्या. चेहरा एकदम समाधानी.

मलाही बरं वाटलं. महिनाभराने आम्ही चिखलीला गेलो. कंपाउंडरने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात कोणीतरी साखर खाऊ घालतंय."

परतीच्या एस.टी.त मी एकेकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पहिला नवरा. आईचं मन मोडवत नाही म्हणून हा चोरून पेढा देत असणार. घरी आल्या आल्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, तर विडीची थोटकं निघाली. त्याबद्दल वेगळं भांडण झालं. मग शेजारीण. ती चटणीच्या वाटीवर वाटी झाकून आणायची. इतकं झाकायचं काय असतं चटणीत? एकदा झाकण उचलून पाहिलं. चटणीच होती. शेजारीण बरेच दिवस बोलली नाही. साखरेचा डबा मी कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. गोळ्यांची बाटली उन्हात धरून पाहिली, दुकानदाराने साखरेच्या वड्या तर भरल्या नाहीत ना!

पुढच्या खेपेला नळी पुन्हा लाल झाली. डॉक्टरांनी नुसती नळी माझ्यापुढे धरली, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर एका सकाळी काड्यापेटी सापडेना म्हणून मी देवघराचं दार ढकललं. आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. समोर माझं कस्टर्ड. देवांच्या मागचा छोटा डबा उघडून त्या चाचपत चाचपत खडीसाखरेचे खडे वाटीत टाकत होत्या. घरातली सगळी साखर मी कुलपात घातली होती, पण देवाची खडीसाखर साखरेत धरायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे काय करून राह्यल्या तुमी?"

त्या जराही दचकल्या नाहीत. "नैवेद्य दाखवून राह्यली. तुह्यी गोळी म्हंजे खोटं गोड. मले चालते, मी मानूस हाओ. देवाले खोटं कसं दाखवू?"

"अन मंग ते खाते कोन?"

"परसाद हाय तो. टाकून देऊ काय? परसादाची साखर बाधत नसते."

माझा तोल गेला. "डोळे जातीन तुमचे! दोन्ही जातीन! मंग बसजा अंधारात परसाद खात!"

सासूशी असं बोलायची त्या घरात रीत नव्हती. आत्याबाईंनी बोटांनी एकेक खडा वाटीतून वेचून काढला आणि वेगळ्या ताटलीत ठेवला.

"आजपासून देवाचं वेगळं, माह्यं वेगळं," त्या म्हणाल्या. "पन परसाद वाया नाही गेला पायजे. तो तू खायचा. माह्यासमोर."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्यापुढे बसून खडीसाखर फोडायची. नुसती तोंडात धरली तर चालायचं नाही. दातांचा कुडकुड आवाज ऐकल्यावरच त्या आपल्या वाटीला हात लावत. कस्टर्डमध्ये खडा पडला नाही ना, हे मी डोळ्यांत तेल घालून बघायची. एकमेकींवर पहारा ठेवून आम्ही दोघी गोड खात होतो.

हळूहळू नळी लालाची पिवळी झाली, पिवळ्याची हिरवी. डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली, पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा घालून आत्याबाई पहिल्यांदा चुलीजवळ बसल्या तेव्हा मी कस्टर्डची वाटी पुढे केली. मला वाटलं, आता रंगावरून काहीतरी खोड काढणार. त्यांनी वाटीकडे पाहिलंच नाही.

"हालू नको," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या.

"मले वाटे, तू लई खाष्ट असशीन. आवाज तसाच हाय तुह्या." त्यांनी चष्मा सावरला. "तू तं भेलेली दिसते वं पोरी."

खरंच होतं ते. त्यांचे डोळे जातील म्हणून मी भ्यायले होते आणि ते कुणाला कळू नये म्हणून घरभर खेकसत फिरत होते. मला रडू आलं. आत्याबाईंनी वाटी उचलली आणि त्या देवघराकडे गेल्या, भिंतीला हात न लावता.