बपेऱ्याच्या रस्त्यावरचं ओव्हरटेक

लायसन्सच्या परीक्षेसाठी लेक मोठ्याने घोकत होती, "ओव्हरटेक करणे म्हणजे पुढच्या वाहनाला मागे टाकून जाणे." मला गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या पावसाळ्यातला बपेऱ्याचा रस्ता आठवला.

साप चावलेली आई जीपमध्ये माझ्या मांडीवर होती आणि पुढे अंत्ययात्रा चालली होती. तिरडीला मागे टाकून जायचं नसतं, म्हणून बाबांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पहिल्या गिअरमध्येच ते जीप मागे मागे नेत राहिले.

अंत्ययात्रेत शेवटी चालणाऱ्या एका म्हाताऱ्याने वळून जीपमध्ये पाहिलं आणि सगळ्यांना थांबवलं. खांदेकरी तिरडीसकट धानाच्या शेतात, बांधीतल्या गुडघाभर चिखलात उतरले.

"जा भाऊ, आमाले आता कायची घाई?" म्हातारा म्हणाला.

आई वाचली. तिरडीवर कोण होतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.