पिवळ्या रंगाचे आकडे

"वैनी, रंग तुमीच बिघडवले. माझ्या लॅपटॉपवर बराबर दिसत होते!"

"मी स्लाइडींवरच्या चौकोनांना हातसुदीक लावला न्हाई, भाऊजी."

"मग काय, स्लाइडींनी आपणहून तोंड धुतलं?"

शालूबाई हसल्या. धाकट्या लेकाच्या, स्वप्निलच्या, प्रत्येक बोलण्यावर त्या हसतात. थोरली सून दिपाली हसली नाही. वारंग्याच्या शेतकरी कंपनीच्या हळदीबद्दल उद्या वसमतला व्यापाऱ्यांना सांगायचं होतं. बेचाळीस स्लाइडी दिपालीनं पंधरा दिवस खपून केल्या होत्या; मालाचा रंग दाखवायला त्यांवर पिवळे चौकोन टाकले होते. बोलणार मात्र स्वप्निल, कारण तो पुण्यात शिकलेला. त्यानंच काल गेल्या वर्षीच्या फाइलीतून आणखी सहा आणून मधे चिकटवल्या.

फरक धरला सासऱ्यांनी. संतरामांनी चाळीस वर्षं नजरेनं हळद निवडलेली. "एकाच प्रतीचा माल, अन् चौकोन दोन रंगांचे काहून? व्यापारी म्हणंल, माल मिसळलेला हाय."

दिपाली पुसेगावची. बारावीनंतर संगणकाचा कोर्स केला, लग्नानंतर औंढ्याच्या एका दुकानात प्रश्नपत्रिका टाइप केल्या. तिथंच जेवणाच्या सुट्टीत ती मॅक्रो लिहायला शिकली. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा नीट लिहून दिलेलं काम. ते तो न कंटाळता शंभरदा करतो. तिला हे येतं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं पंधरा-वीस ओळी लिहिल्या. प्रत्येक स्लाइडीवरचा प्रत्येक आकार, संगणक ज्यांनी रंग ओळखतो ते त्याच्या रंगाचे आकडे, आणि तो रंग पक्का ठरवलेला की फाइलीच्या थीमवरून, म्हणजे तिच्या ठरीव रंगसंचातून, आलेला, एवढंच विचारलं. बटण दाबलं. यादी सरसर उतरली.

"थांब," संतराम म्हणाले, "यादी झाक. आधी मी सांगतो."

ते एकेक स्लाइड बघत गेले. "ही. ही. ही पण." सहा झाल्या. एकतिसावीवर पुन्हा बोट टेकलं. "अन् ही."

दिपालीनं यादी उघडली. सातही बरोबर.

"या सहांचा रंग थीमवरचा हाय, भाऊजी. दुसऱ्या फाइलीत चिकटवला की तिथल्या थीमचा होतो. तुमी चिकटवल्या, म्हणून बदलला." मग तिनं यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "एकतिसावी माझी चूक. रंगाचा आकडा टाकताना चुकले."

"माझा डोळा अन् हिची यादी एकच बोलून राहिली की!" संतरामांनी चष्मा काढून सुनेकडं पाहिलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच.

दिपालीनं आणखी चार ओळी लिहिल्या. सातही चौकोन एका दमात सारखे पिवळे झाले. शालूबाईसुद्धा उठून बघायला आल्या.

"झालं ना?" स्वप्निल म्हणाला. "आता उद्या मी काय बोलायचं ते कागदावर लिहून द्या, वैनी."

दिपालीनं लॅपटॉप मिटला अन् सासू-सासऱ्यांकडं वळली.

"लिहून देणार न्हाई. उद्या मीच बोलणार हाय. सातच्या गाडीनं मामा अन् मी निघू. सकाळच्या भाकरी तुमी टाका, मामी."