होडीतली पुढची जागा

आईचा फोन आला तेव्हा मी रसमड्याच्या फॅक्टरीत, ऑफिसात होते. "मनोज उठूनच नाही राहिला वं," एवढंच ती म्हणाली. वैशाली नगरच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होते, गाढ झोपला असेल... माझा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

फौजेत असताना सीमेवर सुरुंग फुटून मनोजचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. घरी परतला तो खोलीत शिरला आणि बाहेर येईना. खिडकी उघडली की ओरडायचा. ताट तसंच परत यायचं. एकदा आईला म्हणाला, "मले तिथंच सोडून द्याले पाह्यजे होतं." तेव्हापासून आई त्याच्या दाराबाहेर चटई टाकून बसू लागली.

मग जवळच्याच खुर्सीपार वस्तीतले साहूभाऊ आले. दोघांची ओळख फौजी इस्पितळातली. साहूभाऊंचे दोन्ही डोळे एका स्फोटात गेले होते. जखमी जवानांच्या शिबिरात ते होडी वल्हवायला शिकले होते. "मनोज, मेरे पास हाथ हैं, तेरे पास आँखें. चल." मनोजनं तोंड फिरवलं. साहूभाऊंना ते दिसलं नाही. ते संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले.

शेवटी मनोज शिवनाथ नदीवर गेला, बहुधा त्यांना कटवण्यासाठीच. दोघांची अरुंद होडी, मनोज पुढे, साहूभाऊ मागे. पहिल्याच दिवशी उलटले. चिखलानं माखून मनोज घरी आला आणि त्यानं जेवायला मागितलं! आईनं भात वाढला आणि आत जाऊन रडली.

तरी तिची भीती जाईना. "कावून जाऊन राहिला रे पाण्यात? एक पाय तं गेला!"

"माय, होडीत बसलो का मी सगळ्यायसारखाच."

दर रविवारी जायचा. खडक कुठे, वाळू कुठे, वर ढग कसे, सगळं साहूभाऊंना सांगायचा. हळूहळू झोपेतलं त्याचं किंचाळणं थांबलं. खोलीची खिडकी त्यानं स्वतः उघडली.

मनोजच्या तेरवीला साहूभाऊ आले, पण घास घेतला नाही. निघताना म्हणाले, "दीदी, नदी ले चलोगी?"

मला पोहता येत नाही. तरी परवाच्या रविवारी मी मनोजचं होडीतलं, पाण्यावर तरंगायचं जाकीट घातलं. साहूभाऊंनी चाचपून पट्टे आवळायला घेतले... ते मनोजच्या छातीच्या मापाचे होते. त्यांचे हात बराच वेळ तिथेच थांबले.

होडी काठापासून सुटली. "आगे क्या है?" त्यांनी विचारलं. मी जाकिटाचा पट्टा धरून समोर बघत राहिले. त्यांनी वल्हं मांडीवर घेतलं, होडी आपली वाहत राहिली. मागून हुंदका ऐकू आला.

"पाणी आहे," मी मराठीतच म्हटलं. "नुसतं पाणी आहे, भाऊ."