माळरानावरचा शेजारी

शेजारच्या काकू गेल्या, म्हणून आज त्यांच्या घरी द्यायला पिठलं केलं. ते जरा खाली लागलं आणि त्या करपट वासासरशी ओमानमधलं ते माळरान आठवलं.

नव्वदच्या दशकात मी तिथे रस्त्याच्या सर्व्हेवर होतो. वडील गेल्याचा निरोप आला, पण पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात. तो म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." चहूकडे मोकळं रान, एक भिंत नाही, तरी मला बाहेर पडायला वाट नव्हती.

समोर गुडघाभर उंचीचे दगड तिना-तिनांनी एकमेकांना टेकून लांबवर रांगेत उभे होते. हजारो वर्षांपूर्वी कुणी उभे केले, कोण जाणे. मला त्या विझलेल्या चुलीच वाटल्या. आमचा ड्रायव्हर, रत्नागिरीचा युसूफभाई, किटली घेऊन आला.

"नको," मी म्हणालो. "आज आमच्याकडे चूल पेटवत नाहीत."

"तू नको पेटवू. मी शेजारी ना तुझा?" त्याने बाजूला तीन धोंडे मांडले आणि काटक्या पेटवल्या.

धुरकट चहा पिताना मी विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

"गेल्या वर्षी वारले. माझा पासपोर्ट पण त्याच कपाटात," तो म्हणाला. "तेव्हा चाय माझी मीच केली."